बाबांचे अर्ज

अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात, आमच्या गावात, मार्चचा पहिला मंगळवार टाऊन मीटिंगचा. गावकरी शाळेच्या सभागृहात जमतात, वर्षाच्या खर्चावर बोलतात आणि तिथल्या तिथे हात वर करून तो मंजूर किंवा नामंजूर करतात. या राज्यातले निम्म्याहून अधिक रस्ते कच्चे आहेत. बर्फ वितळलं की गाड्यांची चाकं चिखलात रुततात, त्यामुळे खडीच्या खर्चावरचा वाद लवकर संपत नाही. मला इथे मतदानाचा हक्क नाही, बोलायचं तर सभेची परवानगी लागते. तरी मी जातो, आणि जाण्याआधी गावाचा छापील अहवाल पेन्सिलीने खुणा करत पूर्ण वाचतो.

ही बाबांची सवय. वाईत नगरपालिकेच्या फलकावर लागलेली नोटीस ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचे. गटार तुंबलं, दिवा गेला, की अर्ज लिहायचा, पोच घ्यायची, फाइलला लावायची. पुण्यात आणि पुढे बॉस्टनमध्ये राहताना मी यातलं काहीच केलं नाही. इथे रस्त्यांचं काम बघणारा माणूस दुकानात माझ्या पुढे रांगेत असतो, मग विचारल्यावाचून राहवत नाही. दूध आणायला जाऊन तासाभराने परतणं मात्र आईचं. तिलाही वाटेत चार घरांची चौकशी केल्याशिवाय घरी येता यायचं नाही.

डिसेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्रातल्या नगरपरिषदांच्या निवडणुका झाल्या. त्याआधी कित्येक ठिकाणी वर्षानुवर्षं प्रशासकच कारभार बघत होते. आमच्या नात्यातले बरेच जण अजूनही म्हणतात, प्रशासकच बरे होते, नगरसेवक आले की टक्केवारी आली. त्यांचा राग मला कळतो, पण म्हणणं पटत नाही. प्रशासकाची बदली होते. त्याने केलेल्या रस्त्यावरून त्याला पुढची वीस वर्षं चालायचं नसतं. नगरसेवकाला भाजी आणायला त्याच मंडईत जायचं असतं, आणि तिथे त्याला अडवून विचारता येतं.

खरी उणीव वेगळी आहे. खेड्यांना ग्रामसभा आहे. ७४व्या घटनादुरुस्तीने प्रभाग समित्या सक्तीच्या केल्या, पण त्या तीन लाख किंवा त्याहून जास्त वस्तीच्या शहरांत. मधल्या गावांतल्या माणसाने उभं राहून हिशेब विचारावा, अशी सभा वाईत भरलेली मी कधी पाहिली नाही. बाबांनी आयुष्यभर एकट्याने अर्ज केले ते म्हणूनच.

नव्या नगरपरिषदेने अंदाजपत्रक मंजूर करण्याआधी ते मराठीत छापून घरोघर द्यावं. प्रत्येक कामापुढे गेल्या वर्षी ठरलेली आणि प्रत्यक्ष खर्च झालेली रक्कम असावी. मग एका रविवारी गणपती घाटावर लोकांना बोलवावं. तसा अर्ज बाबा आणि मी फोनवर बोलून तयार करतो आहोत. मसुदा बाबांचा आहे, आणि सह्या गोळा करायला आई आळीत फिरणार आहे.