चुलीचा धूर औषधी नाही : एका फिरत्या संदेशाला उत्तर

पावसाळा जवळ आला की कोल्हापूर परिसरातील अनेक व्हॉट्सॲप गटांवर चुलीचे गुणगान करणारा एक संदेश पुन्हा फिरू लागतो. आजीच्या नावाने सांगितलेला त्याचा आशय असा : चुलीचा धूर जंतू मारतो आणि घरातील हवा शुद्ध करतो, म्हणूनच पूर्वीच्या बायकांना दमा होत नसे, जळण थोडे ओलसर असले तर ते सावकाश जळते आणि जास्त दिवस पुरते, चूल धरत नसेल तर थोडे रॉकेल ओतावे, काही होत नाही, आणि ज्वाळा विझून निखारे उरले की दार लावून निर्धास्त झोपावे, कारण धूर नाही तेथे धोका नाही. यातील पहिला आणि शेवटचा दावा एकमेकांनाच खोडतात, तरीही हा संदेश पुढे पाठवला जातो.

आपल्या जिल्ह्यात चूल ही केवळ आठवणीतली वस्तू नाही. गॅस आलेल्या घरांतही परसात आंघोळीचे पाणी चुलीवर तापते, म्हाईचे, म्हणजे गावच्या जत्रेचे, मटण चुलीवर शिजते, आणि गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडीकडच्या कित्येक घरांत रोजची भाकरीही लाकडावरच होते. चुलीवरची भाकरी मलाही प्रिय आहे. चूल सोडा असे सांगण्यासाठी हे लिहीत नाही; ती नीट पेटावी म्हणून लिहीत आहे.

लाकूड तापले की आधी त्यातील पाणी वाफ होऊन निघते, पुढे दोनशे-तीनशे अंशांच्या आसपास त्यातून जळाऊ वायू बाहेर पडू लागतात आणि शेवटी कोळसा उरतो. या वायूंना पुरेशी उष्णता आणि हवा मिळाली तर ते ज्वाळेत जळून जातात. ती मिळाली नाही तर ते थंड होऊन डांबरी थेंब आणि काजळीच्या रूपाने बाहेर येतात, आणि तोच हा धूर. म्हणजे धूर हे वाया गेलेले जळण आहे. धुराने किडे पळतात हे मात्र खरे आहे. चुलीवर टांगलेली मक्याची बियाण्याची कणसे किडीपासून वाचतात, हा शेतकऱ्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे. पण बियाण्याला फुफ्फुसे नसतात, स्वयंपाक करणाऱ्या बाईला असतात. धुरातील अडीच मायक्रॉनपेक्षा लहान कण फुफ्फुसात खोलवर जातात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये अशा कणांसाठी चोवीस तासांची मर्यादा घनमीटरला १५ मायक्रोग्रॅम ठरवली आहे, आणि धूर कोंडलेल्या स्वयंपाकघरात हे प्रमाण शेकड्यांत, कधी हजारांत जाते. घरातील अशा धुरामुळे २०२० मध्ये जगात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले, असा याच संघटनेचा अंदाज आहे. पाच वर्षांखालील मुलांना न्यूमोनिया होण्याचा धोकाही या धुराने जवळजवळ दुप्पट होतो. पूर्वीच्या बायकांना दमा नव्हता, हे म्हणणे तर मला सर्वांत जास्त खटकते. त्यांचा खोकला म्हातारपणाच्या खात्यावर टाकला गेला आणि त्यांना डॉक्टरकडे कोणी नेले नाही. विडीला कधी हातही न लावलेल्या बायकांना सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद करणारा आजार, चुलीच्या धुराने होतो, हे वैद्यकशास्त्रात आता निर्विवाद आहे.

ओलसर जळण जास्त पुरते, हा दावा वरवर पटण्यासारखा आहे, कारण ते सावकाश जळताना दिसते. ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात साधारण निम्मे पाणीच असते. पाणी उकळीला आणण्यास जेवढी उष्णता लागते, तिच्या सहापटीहून अधिक उष्णता त्याच पाण्याची पूर्ण वाफ करण्यास लागते. तेव्हा ओले लाकूड आधी स्वतःतलेच पाणी आटवत बसते आणि भांड्याला त्यानंतर उरलेली उष्णता मिळते. भाकरीला वेळ लागतो, लाकूड जास्त लागते, आणि जाळ थंड राहिल्यामुळे धूर वाढतो. यावर उपाय जुनाच आहे : मृगाच्या आधी बेगमी करणे. लाकडे फोडून, जमिनीपासून वर, मध्ये फटी ठेवून रचावीत. वर आडोसा असावा, पण बाजू मोकळ्या असाव्यात. प्लॅस्टिकच्या कागदात चारी बाजूंनी गुंडाळलेल्या ढिगात आतला ओलावा आतच राहतो. वाळलेल्या लाकडाच्या टोकांना भेगा पडतात, आणि दोन तुकडे एकमेकांवर आपटले की खणखणीत आवाज येतो.

रॉकेलबाबत तर थोडाही मोकळेपणा नको. विझल्यासारख्या दिसणाऱ्या चुलीत राखेखाली निखारे असतात. त्यांवर रॉकेल पडले की त्याची क्षणात वाफ होते, ती पेट घेते आणि जाळ धारेवरून थेट हातातील बाटलीपर्यंत येऊ शकतो. पेट्रोल त्याहून कितीतरी वाईट, कारण त्याची वाफ साध्या हवेतच पेटण्याइतकी होत असते. प्लॅस्टिकची पिशवी किंवा सायकलची जुनी ट्यूब घालून चूल पेटवणेही तितकेच चुकीचे आहे. तो विषारी धूर अन्नावर आणि आपल्या अंगावर येतो. मूठभर वाळलेले पाचट किंवा चिपाड, त्यावर तुराट्या, मग बोटाएवढ्या काटक्या, आणि त्यांनी जाळ धरल्यावरच मनगटाएवढी ढलपी, हा क्रम पाळला तर रॉकेलची गरजच पडत नाही. आदल्या दिवशीची राख काढून खालून हवेला वाट करून द्यावी, चुलीचे तोंड लाकडांनी गच्च भरू नये, आणि लाकूड जळेल तसे आत सारावे. फुंकणी मुळाशी धरावी. पदर खोचलेला असावा. तीन दगडांची चूल मांडायची असेल तर पंचगंगेच्या पात्रातले ओले दगड घेऊ नयेत, कारण आत मुरलेल्या पाण्याची वाफ होऊन असा दगड फुटू शकतो.

निखाऱ्यांचा दावा सर्वांत घातक आहे, कारण तो माणसाला झोपेतच गाठतो. धगधगणाऱ्या निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड बाहेर पडतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोके दुखणे, गरगरणे, मळमळणे ही त्याची लक्षणे. ती एकाच खोलीत अनेकांना एकदम जाणवली तर सर्वांनी आधी मोकळ्या हवेत यावे आणि लगेच दवाखाना गाठावा. पन्हाळ्यावरच्या थंडीत किंवा गगनबावड्याच्या पावसात उबेसाठी निखाऱ्यांची शेगडी खोलीत घेऊन दारे-खिडक्या लावणे म्हणजे हेच संकट घरात घेणे होय. स्वयंपाकघरात दाराच्या समोर, छताजवळ झरोका असावा आणि चूल पेटलेली असताना दोन्ही उघडे असावेत.

हाच संदेश ज्या आजीच्या नावाने सांगितला जातो, ती रात्री विस्तव राखेखाली झाकून ठेवत असे आणि पहाटे त्याच निखाऱ्यावर चूल पेटवत असे. राख रात्रभर आग सांभाळते, हे तिला ठाऊक होते. म्हणून राख गोणपाटात भरू नये, कडब्याच्या गंजीजवळ किंवा पाचटाने भरलेल्या रानाच्या कडेला टाकू नये. झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, भिंतीपासून दूर ठेवून, काही दिवस, पूर्ण थंड होऊ द्यावी आणि मगच खतात मिसळावी.