ठिपका कुठे आला?

आमच्या घरी हल्ली मी कुठेय असं कोणी विचारत नाही, ठिपका कुठे आला असं विचारतात. व्हॉट्सॲपने 2017 मध्ये ते लाईव्ह लोकेशन आणलं तेव्हा आईकडे बटणांचा फोन होता, त्यामुळे तो योग जरा उशिरा आला. मला हिंजवडीला नोकरी लागली, घर कोथरूडला, आणि एक दिवस आई अगदी गोड आवाजात म्हणाली, "तेवढं लोकेशन टाकत जा गं, म्हणजे मला काळजी नाही."

काळजी नाही!! अहो, पूर्वी ही बाई संध्याकाळी एकदाच फोन करायची, निघालीस का, हो, ठेव. आता भूमकर चौकात ठिपका जरा हलला नाही की फोन, का थांबलीस. आई, मी नाही थांबले, अख्खं हिंजवडी थांबलंय.

त्यात त्या लोकेशनला पर्याय तीनच, पंधरा मिनिटं, एक तास नाहीतर आठ तास. आणि आमचं ऑफिस नऊ तासांचं. म्हणजे मी दिवसभर खुर्चीत बसलेय हे ते इमानेइतबारे दाखवणार आणि घरी निघायची वेळ झाली की बरोब्बर बंद पडणार. मग आईचा मेसेज, "तू दिसेनाशी झालीस." शेवटी पूर्णविराम. आईने पूर्णविराम दिला की माझ्या पोटात गोळा येतो.

बरं ते सगळं म्हणे एंड टू एंड एन्क्रिप्टेड असतं, कंपनीलासुद्धा दिसत नाही मी कुठेय ते. नसेल दिसत, पण त्या टोकाला आई बसलीय आणि आईच्या शेजारी अख्खी बी विंग बसलीय. संध्याकाळी खाली बाकावर सगळ्या फोन घेऊन जमतात, वरच्या काकूंची मुलगी खराडीला असते, "आमची अजून येरवड्यातच हो", "आमची आली बाई बाणेरपर्यंत", पंढरीच्या पालख्या कुठवर आल्या ते विचारावं तसं चाललेलं असतं. एकदा मी मैत्रिणीबरोबर बाणेरला कॉफी प्यायला थांबले तर घरी पोचायच्या आत तळमजल्यावरच्या काकूंनी विचारलं, कोण होतं गं बरोबर?

माझा धाकटा भाऊ पावसाळ्यात दर रविवारी पहाटे बाईक काढून ताम्हिणीला जातो. घाटात, धुक्यात, ओल्या रस्त्यावर. त्याचं लोकेशन? "त्याला तिकडे रेंज नसते गं," आई म्हणते, आणि शांतपणे शेंगा सोलत बसते.

मग आईला वाटलं एकटीने किती लक्ष ठेवायचं, तर तिने मला फॅमिली ग्रुपवरच लोकेशन टाकायला लावलं. तिथे सांगलीचे काका आहेत, ते शेवटचे पुण्यात आले तेव्हा चांदणी चौकातला जुना पूल उभा होता. तो 2022 च्या ऑक्टोबरात मध्यरात्री स्फोटकं लावून पाडला, तिथे नवीन रॅम्पांचं जाळं झालं, पण काका अजून जुन्या पुलावरूनच मला घरी आणतात. "उजवीकडे घ्यायला सांग त्याला." कोणाला सांगू, कॅबवाल्यालाच ते रॅम्प कळत नाहीत!

परवा त्याने कोथरूडचा फाटा सोडला आणि गाडी सरळ हायवेने वारज्याकडे. ग्रुपवर एकदम धावपळ. आई, "कुठे चाललीस???" काका, "मी म्हणालो होतो उजवीकडे." बाबांनी फक्त एक हात जोडलेला इमोजी टाकला, तो देवाला होता की कॅबवाल्याला कळलं नाही. आणि साताऱ्याच्या आत्याने ठिपका आपल्याच दिशेने येतोय बघून टाईप केलं, "इकडे येतीयेस का गं? पिठलं टाकते." मी उत्तर देईपर्यंत कढईचा फोटोसुद्धा आला. माझ्या फोनला तेव्हा तीन टक्के बॅटरी, आणि ही लोकेशनची भानगड बॅटरी किती खाते ते विचारू नका, वारज्याच्या पुलाजवळ फोन बंद पडला. घरी पोचले तर बाबा बूट घालून दारात.

आता पुढच्या आठवड्यात आत्याच येतेय इकडे, एकटी, एसटीने. बाबा म्हणाले, गाडी स्वारगेटला कधी लागेल कळलं तर घ्यायला जाता येईल. म्हणून मी आत्याला फोन केला, म्हटलं आत्या, बसमध्ये बसलीस की लोकेशन टाक.

"मी?" आत्या केवढ्यांदा हसली. "मी काय लग्नाची आहे होय गं?"