नाथान नावाचा मुलगा

दावीद राजाची बायको बथशेबा, तिच्या मुलांची नावं बायबलात एका ठिकाणी ओळीनं दिली आहेत, १ इतिहास, अध्याय ३. त्यातला शलमोन सगळ्यांना ठाऊक. त्याच्या शेजारचं नाव आहे नाथान. इतकी वर्षं मी ते वाचून पुढे जात होते. यंदा लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत तिथेच अडकले.

नाथान म्हणजे ज्या संदेष्ट्यानं दावीदाला तोंडावर सुनावलं त्याचंच नाव. राजानं आपल्या सैनिकाची, उरीयाची, बायको बथशेबा घेतली, उरीयाला लढाईत पुढे करून त्याचा जीव घेतला. राजाला बोलणार कोण? नाथान गेला. गरिबाच्या एकुलत्या एका मेंढीची गोष्ट सांगितली. असं करणारा मेलाच पाहिजे, म्हणून दावीद भडकला. "तो माणूस तूच!" नाथान म्हणाला. त्यावर दावीदाचं उत्तर एका वाक्याचं, मी परमेश्वराविरुद्ध पाप केलं. सबब नाही, उलटा आरोप नाही.

मुलाला हे नाव का ठेवलं, ते शास्त्र सांगत नाही. पण ज्या पापापायी नाथान राजवाड्यात आला, त्याच बथशेबेच्या पोटचा मुलगा, आणि त्याला रोज नाथान म्हणून हाक मारायची! ऐकून घेणं म्हणजे काय, ते मला त्या नावात दिसतं.

हे मला इतकं का लागलं, ते सांगते. दोन वर्षांपूर्वी आमच्या महिला मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मी एक प्रार्थनाविनंती टाकली. एका ताईंच्या मुलाची दारू सुटावी म्हणून. नावासकट. ताईंनी ते मला एकटीला, रडत सांगितलं होतं. रविवारपर्यंत चर्चच्या अख्ख्या मंडळीत झालं.

ग्रुपवर सगळ्यांनी हात जोडले. फक्त एक मावशी, सत्तरी उलटलेल्या, दुसऱ्या दिवशी रिक्षा करून घरी आल्या. चहा घेतला. माझी लेक आत गेल्यावर हळूच म्हणाल्या, "पोरी, तू प्रार्थना नाही मागितलीस. तिचं घर उघडं केलंस." मी चिडले. माझा हेतू चांगला होता, म्हणाले. त्यांनी वाद घातला नाही, उठून गेल्या. पुढचे तीन रविवार मी त्यांना सलामसुद्धा केला नाही.

भावाची चूक कशी दाखवायची, त्याचा मत्तय १८ मध्ये प्रभूनं क्रम घालून दिलाय. आधी एकट्यानं जा, मग एक-दोघांना घेऊन जा, मंडळीपुढे सगळ्यात शेवटी. आपण सुरुवातच मंडळीपासून करतो. मावशींनी पहिली पायरी अशी पाळली, की माझी कानउघाडणी माझ्या लेकीलाही कळली नाही. कुणी म्हणेल, प्रेषित पौलानं प्रेषित पेत्राला अंत्युखिया शहरात सर्वांदेखत बोल लावलाच की. लावला, कारण पेत्रानं परराष्ट्रीय, म्हणजे यहुदी नसलेल्या, भावांशी पंक्तिभेद केला होता, तोही उघड. चारचौघांतली चूक चारचौघांत निस्तरली. आणि पेत्राच्या दुसऱ्या पत्रात तोच पौल "आपला प्रिय बंधू" आहे.

स्तोत्र १४१ अलीकडे मी रोज म्हणते. तिसऱ्या वचनात तोंडावर पहारा बसव अशी विनवणी आहे, आणि दोनच वचनांनंतर, नीतिमानानं मला मारलं तरी ती दयाच, माझ्या डोक्यावरचं तेल. पहारा तोंडावर मागितलाय, कानांवर नाही. आपल्याकडे नेमकं उलट असतं.

निंदेचा सगळ्यात वाईट प्रकार मला प्रार्थनेच्या वेषातला वाटतो, कारण त्याला कुणी अडवूच शकत नाही. बहिणींनो, ग्रुपवर नावं टाकू नका. देवाला नाव माहीत असतं.

चौथ्या रविवारी मावशींचे हात धरून मी माफी मागितली. मग ताईंच्या घरी गेले. त्यांनी दारातच ऐकून घेतलं. "तुम्ही देवाचं नाव घेऊन सांगितलंत ना," त्या म्हणाल्या, "म्हणून जास्त लागलं." माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही.

त्या अजून मंडळात येत नाहीत. सतरंजीवरची खांबाजवळची त्यांची जागा तशीच असते.