मोडला तर इथंच मोडू दे

आज सकाळी माझी एक विद्यार्थिनी शिकवणीला आली नाही. चार वर्षांत तिनं एक दिवस चुकवलेला नाही. अंगात ताप असतानासुद्धा येऊन नुसता तानपुरा छेडत बसलेली पोरगी आहे ती. साडेसातला तिच्या आईचा फोन आला. "ताई, ती दार लावून बसलीय. गाणं सोडते म्हणतीय." मी कारण विचारलं, तर त्यांनी मला एक व्हिडिओ पाठवला. चोवीस सेकंदांचा.

परवा अष्टमीला तिचं पहिलं जाहीर गाणं झालं. वय एकोणीस. पूरिया धनाश्री राग गायली, आणि मी मागं तानपुऱ्यावर होते. अंतऱ्यात तार गंधारावर, म्हणजे वरच्या सप्तकातल्या 'ग'वर जाताना तिचा आवाज चिरकला. थांबली, घोटभर पाणी प्यायली, तबलजीकडे एकदा बघितलं आणि परत त्याच जागेवर गेली. या वेळी गंधार असा लागला की माझ्या हातातल्या तारासुद्धा बोलल्या. हॉलमधल्या जुन्या लोकांनी मनापासून दाद दिली.

व्हिडिओत यातलं काही नाही. फक्त चिरकणं आहे. तेच तीनदा, तिसऱ्यांदा हळू करून, आणि खाली बकरीच्या ओरडण्याचा आवाज जोडलाय. शेवटी हसणारे चेहरे. पाणी पिणं कापलंय आणि नंतरचा गंधार कापलाय. आज दुपारपर्यंत तो कॉलेजच्या सगळ्या ग्रुपांवर फिरला होता.

ज्यानं हे केलं तो पहिल्या तीन रांगांत बसला होता, चित्राच्या कोनावरून कळतं. म्हणजे तो आपल्यातलाच कुणीतरी आहे, कुणाचा तरी मुलगा, कदाचित ही पोस्ट वाचणाऱ्यांपैकी कुणाचा. मी त्याचं नाव शोधणार नाही. पण मला आज जे वाटतंय ते लिहिल्याशिवाय झोप लागायची नाही.

मी तीस वर्षं तानपुऱ्यावर बसतेय. गाणारा डोळे मिटून असतो, आम्हाला मात्र डोळे उघडे ठेवून समोर बघत बसायचं असतं. त्यामुळे हॉल आमच्याइतका कुणी बघितलेला नाही. पूर्वी चेहरे दिसायचे. आता छातीशी धरलेले फोन दिसतात आणि फोनकडे झुकलेली डोकी. गाणाऱ्याला मधेच एक डोळा लागतो, समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर येताना ज्याच्याकडे बघावं असा. तो आता सापडत नाही. आणि एक गोष्ट तुमच्या लक्षात आलीय का? रेकॉर्डिंग करणारा माणूस दाद देत नाही. 'वाह' म्हटलं तर त्याचाच आवाज रेकॉर्डिंगमध्ये येईल ना! गाण्यातली एखादी जागा आवडली तरी तो ओठ घट्ट मिटून, हात न हलवता बसतो. मी समोरून बघितलंय हे, शेकडो वेळा.

मला सारखी आठवते ती १९९६ सालची जानेवारीतली रात्र. कोल्हापुरातला एक वाडा, माडीवर सतरंज्या, पंचवीस-तीस माणसं. माझ्या गुरू, आमच्या बाई, गात होत्या, मी मागं. बाई जयपूर घराण्याच्या, फार नाव झालं नाही त्यांचं, पण विद्या अस्सल. एक इंजिनिअर काका परवानगी विचारून टेप घेऊन बसले होते, टीडीकेची नव्वद मिनिटांची कॅसेट. बाईंनी यमन गायला, रेकॉर्ड झाला. मग मध्यरात्र उलटल्यावर काकांकडे वळून म्हणाल्या, "ते बंद करा. आता गाते तो खोकर राग माझ्या गळ्यात अजून बसलेला नाही. मोडला तर इथंच मोडू दे."

काकांनी बटण दाबलं. बाई गायला लागल्या आणि राग खरंच मोडला. एका वळणावर त्यांचा पाय शेजारच्या रागात घसरला. हसल्या, मान हलवली, परत मागून आल्या, परत तिथंच घसरल्या. पन्नाशीतली बाई, एवढी तयार गवई, सगळ्यांसमोर दोनदा घसरली आणि कुणी हूं का चूं केलं नाही. उलट माणसं पुढं सरकून बसली. मी तेव्हा तिशीच्या आतली होते, आणि गाणं म्हणजे काय ते मला त्या रात्री पहिल्यांदा कळलं.

बाईंना ते बटण बंद करून मागता आलं. माझ्या पोरीला परवा कुणाला सांगता आलं असतं? तीनशे माणसं, तीनशे फोन.

म्हणून आता स्पष्ट लिहिते. मैफलीत फोन बंद करून ठेवायची व्यवस्था आपल्याकडेही आली पाहिजे. सूचना देऊन काही होत नाही. तिसऱ्या घंटेआधी 'कृपया मोबाइल बंद ठेवावेत' ही सूचना आपण वर्षानुवर्षं ऐकतोय. नाटकवाल्यांचे हाल तर बघवत नाहीत. २०१९ मध्ये नाशिकच्या कालिदास कलामंदिरात फोन वाजतच राहिले म्हणून सुमीत राघवन यांनी चालू प्रयोग थांबवला. त्याच वर्षी सुबोध भावे यांनीही वैतागून जाहीर लिहिलं. मग मुंबई महापालिकेच्या नाट्यगृहांत जॅमर बसवा अशी मागणी झाली. पण जॅमरनं फोन वाजायचा थांबतो, कॅमेरा थांबत नाही. चोवीस सेकंदांचा व्हिडिओ जॅमरखालीसुद्धा आरामात निघतो, घरी जाऊन टाकता येतो. शिवाय सरकारी परवानगीशिवाय जॅमर लावणं आपल्याकडे बेकायदा आहे, आणि ते योग्यच आहे.

अमेरिकेत योंडर नावाची कंपनी २०१४ पासून पिशव्या देते. जाड रबरी कापडाची पिशवी, वर चुंबकाचं कुलूप. दारात तुमचा फोन तुमच्यासमोर पिशवीत घालतात, कुलूप लागतं, आणि पिशवी तुमच्याच हातात देतात. बाहेर पडताना एका गोल तबकडीवर टेकवली की उघडते. मधे गरज लागली तर उठून बाहेर जायचं, तिथं उघडून बोलायचं, परत यायचं. विनोदवीर डेव्ह शॅपेल, गायक जॅक व्हाइट, बॉब डिलन, मॅडोना, सगळ्यांनी आपल्या कार्यक्रमांना या पिशव्या वापरल्यात. मोठमोठ्या लोकांना याची गरज वाटते, आणि आपण पहिल्यांदा गाणाऱ्या पोरांना उघड्यावर सोडतो.

मिरजेत हे बोललं की पहिला प्रश्न ठरलेला: डॉक्टरांचं काय? आमच्या गावात श्रोत्यांतले कितीतरी जण डॉक्टर, इमर्जन्सी कधीही येते. मान्य. पिशवी खिशातच असते, थरथरलेली कळते, उठून जा. तरी ज्याला अगदीच शक्य नाही त्यानं फोन दाराशी माणसाकडे द्यावा, तो येऊन हळूच सांगेल. चाळीस वर्षांपूर्वी डॉक्टर मंडळी हॉलच्या ऑफिसातला लँडलाइन नंबर घरी देऊन मैफलीला यायचीच की.

आणि पिशवीनं सगळं थांबतं असंही नाही. २०२२ मध्ये न्यूयॉर्कला ब्रॉडवेवर, या पिशव्या असतानासुद्धा, एका नटाचा रंगमंचावरचा विवस्त्र प्रसंग कुणीतरी चोरून टिपला आणि जगभर पसरवला. मग त्या थिएटरनं प्रेक्षकांवर नजर ठेवायला इन्फ्रारेड कॅमेरा बसवला. चोर असतातच. म्हणून काय दाराला कडी लावायची नाही?

एका गोष्टीला मात्र माझा ठाम विरोध आहे. अ‍ॅपलनं २०११ मध्ये अर्ज करून २०१६ मध्ये एक पेटंट मिळवलंय. स्टेजजवळून इन्फ्रारेड किरणांत एक खूण सोडायची, फोनच्या कॅमेऱ्यानं ती वाचायची आणि रेकॉर्डिंग आपोआप बंद. तुम्हाला कुणी विचारणार नाही, तुमच्या हातातला फोन दुसऱ्याचं ऐकणार. हे नको. आज ते यंत्र गवयाच्या स्टेजवर असेल, उद्या मोर्चासमोर पोलिसांच्या गाडीवर असेल. लाठीमाराचे किती व्हिडिओ सामान्य माणसांनी काढलेत म्हणून सत्य बाहेर आलंय, ते आठवा. रस्त्यावर कॅमेरा चालू राहिलाच पाहिजे. पिशवीत तसं नाही, फोन मी माझ्या हातानं घालते. पटत नसेल तर मी दारातूनच परत जाऊ शकते.

आता तुम्ही काय म्हणणार तेही मला माहीत आहे. "ताई, तुम्ही स्वतः चोरून केलेल्या रेकॉर्डिंगांवरच शिकलात ना?" हो, शिकले. सगळेच शिकले. कुणाकुणाच्या घरच्या स्पूल आणि कॅसेटी हातोहात फिरल्या नसत्या तर अर्धं गाणं आमच्या कानावर पडलं नसतं. जयपूर घराण्याचे प्रवर्तक अल्लादिया खाँसाहेबांनी ध्वनिमुद्रिका दिली नाही, आज त्यांचा आवाज ऐकायला नाही, आणि याचं दुःख मलाही आहे. पण हेही बघा की केसरबाई केरकरांची साडेतीन मिनिटांची भैरवी १९७७ मध्ये नासाच्या व्हॉयेजर यानावरून अवकाशात गेली, ती त्यांनी स्वतः माइकसमोर बसून, मनाजोगती गाऊन दिलेली होती. त्यांच्या आवाजाचं काय जगापुढं जायचं हे त्यांनी ठरवलं. माझ्या पोरीचं काय गेलं? बकरी!

लिहिताना परत राग आला. पाणी पिऊन आले.

कायद्याबद्दल एक. सिनेमागृहात पडद्याचं चोरून रेकॉर्डिंग केलं तर २०२३ च्या दुरुस्तीनंतर तीन महिने ते तीन वर्षं कैद आणि किमान ३ लाख दंड आहे. जिवंत माणूस समोर गातोय, त्याच्यासाठी कॉपीराइट कायद्याचं कलम ३८ आहे, कलाकाराचा पन्नास वर्षांचा हक्क, पण खाजगी वापरासाठी रेकॉर्डिंग केलं तर चालतं. ते खाजगी राहिलं नाही तर कोर्टात कोण जाणार? एकोणीस वर्षांची मुलगी, जी आज खोलीबाहेर यायला तयार नाही?

आणि सगळेच वाईट हेतूनं काढत नाहीत, हे मला कळतं. परवा दुसऱ्या रांगेत एक आजी पुण्यातल्या नातीला व्हिडिओ कॉल लावून गाणं ऐकवत होत्या, डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. त्यांना मी काय बोलणार. पण आजीही ऐकत नव्हत्या, फोन सरळ धरायच्या नादात होत्या. त्यांना समोर बसून ऐकू दे. नातीला पुढच्या वर्षी घेऊन या म्हणावं.

ती १९९६ ची कॅसेट माझ्याकडे आहे. काकांनी आठवड्यानं कॉपी करून दिली होती. यमन बेचाळीस मिनिटं आहे, मग थोडी कुजबुज, कुणाचा तरी खोकला, कपबशीचा आवाज आणि मग बाईंचा आवाज: "ते बंद…" आणि खट्. पुढं नुसती खरखर. बाई जाऊन अकरा वर्षं झाली. आवाज ऐकावासा वाटला की मी यमन ऐकते, आणि कॅसेट संपेपर्यंत खरखरही ऐकते. त्या खरखरीच्या पलीकडं काय झालं ते आम्हा तीसेक माणसांनाच माहीत, आणि त्यातली निम्मी आता नाहीत.

दुपारी मी त्या मुलीच्या घरी गेले. दार बंदच होतं. आईनं खुर्ची दिली, मी दाराशी जमिनीवर बसले आणि आत ऐकू जाईल अशा आवाजात तिला त्या रात्रीची गोष्ट सांगितली. सतरंज्या, टेप, बाईंचं दोनदा घसरणं, हसणं, सगळं. बराच वेळ काही आवाज नाही. मग आतून विचारलं, "मग तिसऱ्यांदा?"

म्हटलं, "ते सांगून नाही कळायचं, गाऊन दाखवावं लागेल. दार उघड."

थोड्या वेळानं उघडलं. रडून रडून डोळे सुजले होते. आम्ही तानपुरा न घेताच बसलो, मी मांडीवर ताल धरला आणि बाईंनी तिसऱ्यांदा ते वळण कसं घेतलं ते तिला म्हणून दाखवलं. माझंही नीट लागलं नाही, गळा दाटला होता. तिनं दोनदा माझ्यामागून म्हटलं. उद्या येते की नाही ते बोलली नाही, मीही विचारलं नाही.

कोजागिरीला दरवर्षीसारखी आमच्या गच्चीवर बैठक आहे, रात्री नऊला. आज संध्याकाळी जुन्या सतरंजीच्या कापडाच्या चाळीस पिशव्या कापायला घेतल्यात, नाडीच्या. कुलूप वगैरे नाही, नाडी मी स्वतः ओढून गाठ मारून तुमच्या हातात देणार. ड्युटीवर असणाऱ्या डॉक्टरांनी फोन खाली माझ्या मुलाकडे द्यावेत, तो वर येऊन नावानं सांगेल. ज्यांना हे पटत नाही त्यांनी राग मानू नये, पण या वर्षी येऊ नये.

दूध आटवायला पातेलं मोठं लागेल, कुणाकडे असेल तर सांगा.