बाबा, विळा आणि व्हिला

रात्रीचे साडेअकरा झालेत. सकाळी सातची बस पकडायची आहे, पण डोकं शांत होत नाही म्हणून लिहितोय. लांबण लागणार आहे. ज्यांना कंटाळा येईल त्यांनी लाइक ठोकून पुढे जावं, मी रागावणार नाही.

आज संध्याकाळी बाबा शेतातून परतत होते. वय 78. अंगात बनियन, कमरेला पंचा, हातात विळा, डोक्यावर गवताचा भारा. मागून मी, सवयीप्रमाणे मोबाइलात मान घालून. आमच्या गोव्यातल्या गावात कुणग्यांकडे, म्हणजे भातशेतीच्या तुकड्यांकडे, जाणारी वाट आता त्या नव्या व्हिलांच्या फाटकासमोरून जाते. वाट माझ्या पणज्याच्या आधीपासूनची, फाटक दोन वर्षांचं. तिथे गाडीतून एक मुलगी उतरली. बाबांना बघून सोबतच्या मुलाला म्हणाली, "ओ माय गॉड, फुल व्हिलन लुक!" आणि फोन वर करून फोटो काढला.

बाबांनी मला विचारलं, "कितें म्हणलें रे तें चेडूं?"

मी म्हटलं, "हिरो म्हणलें तुका."

बाबा हसले, भारा सावरला आणि चालू लागले. मी मात्र घरी येईपर्यंत धुमसत होतो. तिच्यावर कमी, स्वतःवर जास्त.

जेवायच्या आधी शब्दकोश काढला. म्हटलं बघूया तरी हा व्हिलन आला कुठून. आणि जे सापडलं त्याने राग दुप्पट झाला. व्हिलन हा शब्द आलाय व्हिलामधून! लॅटिनमध्ये 'विला' म्हणजे शेतीवाडीसकटचं गावातलं घर. त्या विलाच्या शेतात राबणारा तो 'विलानुस'. फ्रेंचमध्ये त्याचा 'विलँ' झाला, तोही कुळवाडीच. इंग्लंडात 1086 साली राजाने गावोगावच्या जमिनीची मोजदाद करून घेतली, त्या डूम्सडे बुकात हे 'विलानी' पानोपानी आहेत. नांगर बाळगणारी, गावच्या जमिनीत वाटा असलेली माणसं. पुढे बड्या लोकांच्या तोंडी 'विलन' म्हणजे खेडवळ, मग हलकट, मग बदमाश, आणि शेवटी नाटक-सिनेमातला खलनायक. म्हणजे शेतकऱ्याने काही केलं नाही हो. तो आपला नांगरच धरून होता. शिवी त्याच्या अंगावर वरून पडली.

आणि व्हिला? ती मात्र चढतच गेली. रोमन लोकांच्या मोठ्या विलाचे दोन भाग असायचे, एक मालकाच्या राहण्याचा आणि एक गडीमाणसं, बैल, कोठारं यांचा. आमच्याकडच्या बिल्डरांनी मालकाचा तेवढा उचलला. दुसरा भाग खिडकीतून बघायला ठेवलाय, जाहिरातीत त्याला 'पॅडी फील्ड व्ह्यू' म्हणतात. त्या व्ह्यूमध्ये चिखलात वाकलेले माझे आई-बाबा आहेत. व्ह्यूचे पैसे कोणी घेतले ते विचारू नका.

आमच्या शेजारची मावशी व्हिलाला 'विळा' म्हणते. "थंय विळे बांदल्यात." मी पूर्वी तिला सुधारायचो. आता नाही सुधारणार.

आणखी ऐका. इंग्लंडात सरदाराच्या जमिनीला बांधलेलं कूळ होतं, त्यालाही 'विलन' याच शब्दाने ओळखायचे, फक्त स्पेलिंग वेगळं. त्याला जमीन सोडून जायची मुभा नसे, मुलीचं लग्न करायचं तर सरदाराला पैसे मोजावे लागत. हे वाचताना मला आजोबा दिसले. आजोबा मुंडकार, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारे. घर भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, भाटात (बागायतीत). अंगणात मांडव घालायचा तरी आधी भाटकाराच्या पायऱ्या चढायच्या, तेही चपला खाली काढून. मुंडकाराला घरातून हुसकावता येऊ नये म्हणून 1975 चा मुंडकार कायदा आला तेव्हा आजोबा म्हणे घराच्या भिंतीला हात लावून बसून राहिले होते. हे बाबा सांगतात, दरवेळी तस्संच. (मुंडकार आणि तिकडचं कूळ अगदी एक नव्हेत, मान्य. इतिहासवाल्या मित्रांनी कमेंटीत तेवढंच धरून बसू नये.)

बरं, आपण तरी कुठे स्वच्छ आहोत? 'गावंढळ' ही शिवी आपलीच. 'ग्राम्य' म्हणजे असभ्य, 'नागर' म्हणजे सुसंस्कृत, हे आपणच ठरवलं. कोंबडी, तांदूळ, मिरची गावठी असली की भाव दुप्पट, माणूस गावठी असला की अर्धा. आणि ज्या 'खल' शब्दावरून आपण खलनायक बनवला, तो संस्कृत कोशात बघा. खल म्हणजे दुष्ट आणि खल म्हणजे मळणीची जागा, दोन्ही अर्थ. आपलं खळं ते त्यातूनच आलेलं. पसायदानात ज्यांची व्यंकटी सांडायची तेही खळ. हे दोन अर्थ एकमेकांना कुठे भेटले यात मी शिरत नाही, पण बाबा उद्या त्याच खळ्यावर उभे असणार.

त्या मुलीला यातलं काहीच ठाऊक नव्हतं, हेही खरं. तिच्या मनात शेतकरी नव्हता, कुठल्यातरी सिनेमातला विळेवाला गुंड होता. वाईट हसली नाही ती. फाटकावरचा गार्ड तर ओशाळून बाबांना "राम राम" म्हणाला, त्याचाही बाप कुठेतरी शेतातच असणार. आणि हो, ती जमीन आमच्याच चुलत्याने विकली, आमचाच भाचा तिथे स्विमिंग पूल साफ करून पगार आणतो. माहीत आहे मला. पण म्हणून विचारल्याशिवाय फोटो काढायचा? आपल्या वाटेवरून, आपल्या शेतातून येणाऱ्या म्हाताऱ्या माणसाचा?

आणि मी काय केलं? खोटं बोललो. हिरो म्हणलें तुका!

आता शेवटचं. जेवताना बाबा एकदम म्हणाले, "विलांव." मी मान वर केली. त्या 'विलँ'चंच पोर्तुगीज रूप! बाबा पोर्तुगीज काळात सेगुंद ग्रावपर्यंत, म्हणजे प्राथमिक शाळेपुरते, शिकलेले. 1961 साली गोवा मुक्त झाला तेव्हा चौदा वर्षांचे होते. पुढे कधी पोर्तुगीज बोलल्याचं मी ऐकलं नाही, पण शब्द आत कुठेतरी होते.

"आमचो मेस्त आमकां विलांव म्हणटालो," बाबा म्हणाले. मेस्त म्हणजे शाळेतले मास्तर. "तें चेडूंय तेंच म्हणलें न्ही? हिरो खंयचो!"

आई हसायला लागली. मला घास गिळवेना. बाबांनी हुमणाचा आणखी एक चमचा भातावर ओतून घेतला, आणि म्हणाले, "फाल्यां वेगीं ऊठ. एक कुणगो लुंवपाचो उरला."

म्हणजे उद्या लवकर उठून उरलेल्या कुणग्याची कापणी. बस चुकणार बहुतेक.