रिकाम्या ओळींचा मान पहिला

आयबीएमच्या मशीनवरचा, आरपीजी भाषेतला डीलर-यादीचा प्रोग्राम. पाचशे ओळींचा मेमरीतला तक्ता, म्हणजे डेटा स्ट्रक्चर अ‍ॅरे. डीलर ३१२. नावानं सॉर्ट मारला, एंटर दाबलं, आणि सबफाईल, म्हणजे स्क्रीनवरची यादी, कोरी. पेज डाउन. कोरी. अजून पेज डाउन. कोरीच! १८८ रिकाम्या ओळी वर थाटात बसलेल्या, जसे, बाप्पा, पंगतीत आधीच येऊन पानावर बसलेले फुकटे. पानाला चौदा ओळी, म्हणजे पहिला जिवंत डीलर चौदाव्या पानावर. तेवढ्यात क्लायंटच्या अकाउंटंटचा फोन, "सर, डेटा उडाला काय?"

हो भाऊ, उडाला. मेचा महिना आहे, ४५ डिग्री आहे, कूलरमध्ये पाणी नाही, डेटासुद्धा वाफ होऊन गेला.

%सबअ‍ॅरे लावून फक्त भरलेल्या ओळी सॉर्ट करायच्या असतात, माहीत आहे मला! दरवेळी माहीत असते, दरवेळी विसरतो. पण सॉर्ट करणाऱ्या सॉर्टए बाईला स्वतः कळू नये का, कुठपर्यंत भरलं आहे ते? आणि डीएसला, म्हणजे डेटा स्ट्रक्चरला, आयएनझेड देऊन सुरुवातीची किंमत भरायची राहिली तर रकमेच्या जागी स्पेसा, मग डेसिमल डेटा एरर. तेही रात्री साडेअकराला, जेव्हा मी सावजीच्या रश्श्यात पहिला घास बुडवलेला असतो. एब्सीडिकबद्दल, या मशीनच्या अक्षरांच्या कोडबद्दल, तर बोलूच नका. आधी अक्षरं, मग आकडे. एक्सेलमध्ये उलटं. "तुमची यादी चुकते" हे मी किती वर्षं ऐकतो आहे, मोजणं सोडलं.

आजचं खरं दुखणं वेगळंच. क्लायंटला पाहिजे आधी जिल्हा, आणि जिल्ह्यात बाकी रक्कम मोठी ते छोटी. नव्या मशीनवर सॉर्टएला %फील्ड्स देऊन दोन-तीन फील्ड एका दमात लावता येतात. आमच्या मशीनवर सिस्टिमची जुनी ७.२ आवृत्ती. मालक म्हणतात, "चालू आहे ना? मग हात काहून लावता?" म्हणून सी भाषेतला सॉर्ट करणारा क्यूसॉर्ट, प्रोसिजर पॉइंटर, दोन ओळींच्या तुलनेची प्रोसिजर, सगळा तमाशा. त्या प्रोसिजरमध्ये मी शहाणपणानं एका बाकीतून दुसरी वजा करून उत्तर रिटर्न केलं. रिटर्न व्हॅल्यू इंटिजर, म्हणजे पूर्णांकच. ४० पैशांचा फरक गेला शून्यात, दोघे डीलर समान! दीड तास मी कंपायलरला शिव्या दिल्या. कंपायलर बिचारा गप्प.

आणि कोणी "पायथनमध्ये एका ओळीत होते" म्हणायला आलं, तर आधी शहराबाहेर मिहानपर्यंत उन्हात पायी जाऊन ये, मग बोलू. "एसक्यूएलमध्ये ऑर्डर बाय लाव ना, डेटाबेसच क्रम लावून देईल," हे म्हणणारे तर त्याहून डोक्यात जातात.

...तर झालं असं, की अ‍ॅरे भरते कुठून हे बघायला वर गेलो. एसक्यूएलचा कर्सर, डेटाबेसमधून एकेक ओळ आणणारा. मीच लिहिलेला. त्यात ऑर्डर बाय आधीच होता, डीलर नंबरनं. तिथं जिल्हा आणि बाकी डिसेंडिंग टाकायला चाळीस सेकंद लागले. क्यूसॉर्ट पुसला. कोणाला सांगितलं नाही.

संध्याकाळी परत फोन. "सर, मस्त झालं. फक्त नागपूर सगळ्यात वर घ्या ना, साहेब आधी नागपूरच बघतात. बाकीचे जिल्हे एबीसीडीनं राहू द्या."

काही बोललो नाही. त्याच एसक्यूएलच्या सिलेक्टमध्ये नागपूरच्या आधी एक स्पेस चिकटवली. एब्सीडिकमध्ये स्पेस अक्षरांच्या आधी. गेलं बरोबर वर, त्या १८८ फुकट्यांसारखं.