इनुइट वस्त्यांतील हिपॅटायटिस: ‘निम्मे लोक बाधित’ या दाव्याचा प्रतिवाद

आरोग्यविषयक मजकुरात एक दावा वारंवार वाचायला मिळतो, तो थोडक्यात असा: ‘उत्तर ध्रुवाजवळच्या दुर्गम इनुइट वस्त्यांमध्ये निम्म्याहून अधिक लोकांना हिपॅटायटिस आहे, तो कच्चे मांस खाल्ल्याने होतो, तेथवर लस पोहोचतच नाही, आणि बाधितांपैकी बहुतेकांना पुढे यकृताचा कर्करोग होतो.’ यातील प्रत्येक विधान स्वतंत्रपणे तपासावे लागते, कारण प्रत्येकाची चूक वेगळ्या जातीची आहे.

‘निम्म्याहून अधिक लोकांना हिपॅटायटिस आहे.’ कोणता हिपॅटायटिस, हे यात सांगितलेलेच नाही. उत्तरेकडील वस्त्यांचा जुना प्रश्न आहे तो हिपॅटायटिस बी (विषाणूमुळे येणारी यकृताची सूज), आणि त्याच्या रक्तचाचण्या दोन निरनिराळ्या गोष्टी सांगतात. आयुष्यात कधीतरी हा विषाणू शरीरात येऊन गेला असेल, तर त्याविरुद्धची प्रतिपिंडे रक्तात सापडतात. विषाणू आजही शरीरात मुक्कामाला असेल, तर एचबीएसएजी ही चाचणी सकारात्मक येते. लस येण्यापूर्वी वाढलेल्या प्रौढांत पहिल्या प्रकारचे प्रमाण काही ठिकाणी निम्म्याच्या घरात जाते, आणि दाव्यातला आकडा बहुधा तेथूनच उचललेला असावा. परंतु त्यांपैकी बहुसंख्य लोक केव्हाच बरे झालेले असतात. विषाणू कायम बाळगणाऱ्यांचे प्रमाण ग्रीनलंडमध्ये साधारण ५ ते १० टक्के आढळले आहे. अलास्काच्या नैऋत्येकडील काही गावांत ते लसीपूर्वी १० टक्क्यांच्याही पुढे होते. हे आकडे कमी नाहीत, पण ते निम्मेही नाहीत. शिवाय अलास्कातील ही गावे यूपिक लोकांची आहेत. यूपिक हे इनुइटांचे जवळचे भाईबंद असले तरी वेगळा समाज आहेत, हा तपशील अशा मजकुरात सर्रास गाळला जातो.

एखादी वस्ती निवडली तर आकडा हवा तसा फुगवता येतो, हेही खरे. पश्चिम ग्रीनलंडमधील इतिल्लेक या जेमतेम सव्वाशे-दीडशे माणसांच्या वस्तीत चौथ्या हिश्शाहून अधिक लोक एचबीएसएजी-सकारात्मक निघाले, आणि त्यांच्यातील अनेकांना हिपॅटायटिस डीचीही (हिपॅटायटिस बी असलेल्यांनाच होणाऱ्या आणखी एका विषाणूची) लागण झालेली होती. ही गंभीर घटना होती, म्हणूनच तिचा स्वतंत्र अभ्यास झाला. ती सर्वसाधारण स्थिती असती, तर तशी गरज भासली नसती.

‘कच्चे मांस खाल्ल्याने होतो.’ हे विधान सरळसरळ चुकीचे आहे, आणि माझ्या मते चारही विधानांत सर्वांत अन्यायकारकही, कारण ते आजाराचे खापर एका समाजाच्या ताटावर फोडते. कच्च्या मांसातून होणारा खरा धोका ट्रायकिनेला या कृमीचा असतो, आणि त्याची दखल इनुइटांनी स्वतः घेतलेली आहे: कॅनडातील नुनाविकमध्ये वॉलरस या सुळेधारी समुद्री प्राण्याची शिकार झाली की जिभेचा नमुना कूजुआक येथील प्रयोगशाळेत तपासला जातो. हिपॅटायटिस बी मात्र रक्तातून, शरीरद्रवांतून आणि आईकडून बाळाला होतो. अलास्कातील दोन दुर्गम गावांत सत्तरच्या दशकात झालेल्या तपासणीत या विषाणूचे प्रतिजन (त्याच्या आवरणातील प्रथिन) मुलांच्या अंगावरील चिघळलेल्या पुरळांत, लाळेत आणि आसपासच्या वस्तूंच्या पृष्ठभागांवरही सापडले. हा विषाणू शरीराबाहेर किमान ७ दिवस तग धरतो. लहानशा घरात दाटीवाटीने राहणारी माणसे, नळाच्या पाण्याचा अभाव, खाजवून उघड्या झालेल्या जखमा आणि एकत्र खेळणारी मुले, एवढी सामग्री प्रसाराला पुरते. त्यातच वयाचा हिशेब निर्णायक ठरतो: जन्मतः लागण झालेल्या सुमारे ९० टक्के बाळांत विषाणू कायमचा राहतो, प्रौढपणी लागण झालेल्यांत मात्र ५ टक्क्यांहूनही कमी.

‘तेथवर लस पोहोचत नाही.’ या विषयातले सर्वांत उल्लेखनीय काम नेमके अशाच दुर्गम भागात झालेले आहे. अलास्कातील युकॉन-कुस्कोक्विम त्रिभुज प्रदेशात गावांना जोडणारे रस्ते जवळपास नाहीत, ये-जा लहान विमानांनी किंवा नदीवाटे होते; तरीही तेथील १५ गावांत १९८१ साली लसीची चाचणी सुरू झाली आणि त्या दशकाच्या मध्यापर्यंत राज्यभर मूळनिवासी समाजाची रक्ततपासणी, नवजात बाळांचे व इतरांचे लसीकरण हाती घेण्यात आले. अलास्काच्या मूळनिवासींमध्ये २० वर्षांखालील एचबीएसएजी-सकारात्मक व्यक्ती १९८७ मध्ये ६५७ होत्या. २००८ मध्ये त्या केवळ २ उरल्या. (भारतात ही लस राष्ट्रीय कार्यक्रमातून देशभर २०११ साली पोहोचली, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार आपल्याकडे सुमारे ३ कोटी लोक हा विषाणू बाळगून आहेत, दुर्गमतेचा निष्कर्ष काढण्यापूर्वी एवढे ध्यानात घ्यायला हरकत नाही.) कॅनडाच्या नुनावुतमध्येही लसीकरणानंतर सुमारे दोन दशकांनी हा आजार प्रदेशनिष्ठ (त्या भागात कायम ठाण मांडून असलेला) राहिलेला नाही, असा निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. टीकाच करायची तर ती ग्रीनलंडमधील विलंबावर करता येईल: तेथे सर्व नवजात बाळांना लस देणे २०१० साली सुरू झाले, म्हणजे अलास्कानंतर तब्बल पाव शतकाने.

‘बहुतेकांना कर्करोग होतो.’ ग्रीनलंडमध्ये विषाणूचे प्रमाण पाहता यकृताच्या कर्करोगाचे जितके रुग्ण अपेक्षित होते, त्या मानाने फारच कमी आढळतात. आर्क्टिकमध्ये सापडणारा बी-६ हा जनुकीय प्रकार तुलनेने सौम्य असल्याने असे होत असावे, असे मानले जाते. नैऋत्य अलास्कात मात्र एफ हा प्रकारही आढळतो आणि तो तरुण वयातील कर्करोगाशी जोडला गेला आहे. म्हणून तेथे ऐंशीच्या दशकापासून बाधितांची दर सहा महिन्यांनी अल्फा-फीटोप्रोटीनची (यकृताच्या कर्करोगात रक्तात वाढणाऱ्या प्रथिनाची) रक्तचाचणी होते, आणि गाठ लहान असतानाच हाती लागल्यामुळे शस्त्रक्रिया शक्य होते. अलास्काच्या मूळनिवासी मुलांत व २० वर्षांखालील तरुणांत १९९९ नंतरच्या दशकभराच्या नोंदीत या कर्करोगाचा एकही नवा रुग्ण आढळला नाही. लस येण्यापूर्वी जन्मलेल्या बाधितांना मात्र ही सहामाही तपासणी चालू ठेवावीच लागते.